आरोग्यव्यवसायांचे एकत्र शिक्षण : स्वरूप, पुरावा आणि अडचणी

इ. स. २००५ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील एका रुग्णालयात नाकालगतच्या अस्थिविवरांच्या एका साध्या, पूर्वनियोजित शस्त्रक्रियेसाठी एका स्त्रीला भूल देण्यात आली. भूल दिल्यावर श्वासमार्ग मोकळा ठेवण्याचे साधन नीट बसेना, आणि काही मिनिटांतच रक्तातील प्राणवायूचे प्रमाण धोक्याच्या पातळीखाली गेले. खोलीत अनुभवी भूलतज्ज्ञ होते. दुसरे भूलतज्ज्ञ मदतीस धावून आले. कान-नाक-घशाचे शल्यविशारद तर तेथेच होते. तिघेही तोंडावाटे नळी घालण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा करीत राहिले. अशा प्रसंगी, फुप्फुसात हवा जाण्याचा दुसरा कोणताच मार्ग उरत नाही तेव्हा, गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडावी, हे भूलशास्त्राचा कोणताही विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितो. त्या खोलीतील एका परिचारिकेने त्यासाठी लागणारे साहित्य आणून ठेवले आणि ते तयार असल्याचे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवण्याची व्यवस्था केली. परंतु ते सांगताच डॉक्टरांच्या मुद्रेवरून आपण उगाच घाई केली असे तिला वाटले, आणि तिने ती खाट रद्द केली. रुग्ण शुद्धीवर आली नाही. तेरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला.

या प्रसंगाची स्वतंत्र चौकशी झाली आणि तिचा अहवाल पुढे जगभरच्या वैद्यकीय शिक्षणात उपयोगात आला. त्याचे श्रेय बव्हंशी मृत स्त्रीच्या पतीस आहे. ते व्यवसायाने वैमानिक. कोणास शिक्षा व्हावी, असा त्यांचा आग्रह नव्हता. कौशल्य होते, साधने होती, माणसे होती, मग नेमके काय नव्हते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. विमानवाहतुकीच्या क्षेत्राने हा प्रश्न त्यापूर्वीच स्वतःला विचारला होता. १९७७ साली तेनेरिफ बेटावरील विमानतळावर दोन प्रचंड विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली. त्यांपैकी एका विमानातील यंत्रज्ञाने, समोरचे विमान धावपट्टीवरून अद्याप दूर झाले नसावे, अशी शंका विमान वेग घेत असतानाच बोलून दाखविली होती. मुख्य वैमानिकाने ती ठामपणे बाजूस सारली, आणि यंत्रज्ञ गप्प राहिला. त्यानंतरच्या दशकात विमानकर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात शंका कशी मांडावी आणि मांडलेली शंका कशी ऐकावी, हा शिकविण्याचा स्वतंत्र विषय झाला. रुग्णालयांना ही जाग बरीच उशिरा आली.

या लेखाचा विषय त्या जागेशी निगडित आहे. वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार, व्यवसायोपचार, औषधनिर्माण, प्रयोगशाळा-तंत्र इत्यादी शाखांचे विद्यार्थी पुढे आयुष्यभर एकाच खाटेभोवती उभे राहून काम करणार असतात. पण त्यांचे शिक्षण मात्र वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या शिक्षकांकडून आणि बहुधा एकमेकांशी एक वाक्यही न बोलता पुरे होते. हे शिक्षण काही अंशी एकत्र व्हावे, असा विचार गेल्या अर्धशतकात जगभर मांडला जात आहे. त्याला ‘आंतरव्यावसायिक शिक्षण’ असे नाव मिळाले आहे. ‘सहशिक्षण’ हा सुटसुटीत शब्द मराठीत मुलामुलींच्या एकत्र शाळेसाठी आधीच खर्ची पडला असल्याने या अवजड नावावरच समाधान मानणे भाग आहे.

दोन शाळांतून आलेली दोन स्वभाव

डॉक्टर आणि परिचारिका यांच्या संभाषणात काही विशेष घडते, याची पहिली मार्मिक नोंद अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ लेनर्ड स्टाइन यांनी १९६७ साली एका छोट्या लेखात केली. त्यांनी या संभाषणाला ‘खेळ’ म्हटले. खेळाचा मुख्य नियम असा की, परिचारिकेने महत्त्वाची सूचना अवश्य करावी, परंतु ती सूचना आहे असे दिसू देऊ नये. डॉक्टरनेही ती अवश्य घ्यावी, परंतु आपण ती मागितली असे दिसू देऊ नये. रात्री दूरध्वनीवर परिचारिका रुग्णाला झोप लागत नसल्याचे सांगते. डॉक्टर विचारतो, पूर्वी कोणते औषध लागू पडले होते. ती औषधाचे नाव आणि मात्रा सांगते. डॉक्टर तेच औषध ‘लिहून घ्या’ म्हणतो. निर्णय कोणाचा, हे दोघांनाही ठाऊक असते आणि दोघेही ते बोलत नाहीत. महाराष्ट्रातील कोणत्याही रुग्णालयात रात्रपाळी केलेल्या परिचारिकेस या वर्णनात नवे असे काही वाटणार नाही.

स्टाइन यांच्या लेखाचा उत्तरार्ध शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो सहसा उद्धृत होत नाही. हा खेळ कोठे शिकला जातो, याचा शोध त्यांनी तेथे घेतला. वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या मनात चुकीची विलक्षण धास्ती निर्माण होते. एका चुकीने माणूस मरेल, हे त्याला पहिल्या वर्षापासून ऐकविले जाते. ही धास्ती सहन होण्याजोगी नसल्याने तो तिच्यावर सर्वज्ञतेचे पांघरूण घालतो, आणि सर्वज्ञाला सल्ला विचारता येत नाही. तिकडे परिचारिकेच्या विद्यालयात कडक शिस्त असते. डॉक्टरांशी थेट मतभेद दाखविणे हा तेथे ज्ञानाचा नव्हे, वर्तणुकीचा दोष मानला जातो. अशा रीतीने एका शाळेतून विचारू न शकणारा आणि दुसऱ्या शाळेतून सांगू न शकणारी, असे दोन स्वभाव घडून बाहेर पडतात, आणि त्यांची पहिली गाठ रुग्णाच्या खाटेशी पडते. वर सांगितलेल्या शस्त्रक्रियागृहातील तीन डॉक्टर आणि त्या परिचारिका या दोन शाळांच्याच परंपरेतील होत.

ही घडण किती लवकर होते, याविषयी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉन कार्पेंटर यांनी १९९० नंतरच्या वर्षांत केलेले काम उल्लेखनीय आहे. दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांच्या मनात एकमेकांविषयीच्या ठोकळेबाज प्रतिमा शिक्षण पूर्ण होण्याआधीच तयार असतात, असे त्यात आढळले: डॉक्टर म्हणजे आत्मविश्वासी, परिचारिका म्हणजे मायाळू. वरवर पाहता यात निंदा नाही. पण जिला केवळ माया करता येते असे मानले, तिने ‘प्राणवायू घटतो आहे, आता गळा उघडा’ असे म्हटल्यास ते ज्ञान म्हणून कानी पडत नाही.

एकत्र बसणे आणि एकत्र शिकणे

ब्रिटनमध्ये या शिक्षणाच्या प्रसारासाठी १९८७ साली एक संस्था स्थापन झाली. तिने रूढ केलेल्या व्याख्येचा गाभा तीन विभक्तिप्रत्ययांत सामावला आहे: दोन किंवा अधिक व्यवसायांच्या लोकांनी एकमेकां‘बरोबर’, एकमेकां‘कडून’ आणि एकमेकां‘विषयी’ शिकणे, आणि तेही परस्परसहकार्य व रुग्णसेवा सुधारण्याच्या हेतूने. व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने ही शब्दयोगी अव्यये होत. पण मुद्दा तोच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ च्या तज्ज्ञ-अहवालात या कल्पनेस पाठिंबा दिला आणि २०१० साली तिच्या अंमलबजावणीचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही हीच व्याख्या जवळजवळ तशीच आली आहे.

तिन्ही शब्द एकाच वेळी लागू पडावे लागतात. शरीररचनाशास्त्राच्या मोठ्या व्याख्यानगृहात वैद्यक, दंतवैद्यक आणि भौतिकोपचाराचे तीनशे विद्यार्थी बसविले, तर ते एकमेकांबरोबर शिकतील. एकमेकांकडून किंवा एकमेकांविषयी काहीच शिकणार नाहीत. त्यातून शिक्षकांचे तास वाचतात, आणि अनेक ठिकाणी ‘एकत्र शिक्षण’ या नावाखाली झालेली व्यवस्था मुळात याच काटकसरीची असते. उलट, ‘परिचारिकेचे कार्य’ या विषयावर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना डॉक्टरनेच दिलेले व्याख्यान हे केवळ एकमेकांविषयी शिकणे झाले. ते कित्येकदा अपायकारकही ठरते. कारण ज्या प्रतिमा मोडावयाच्या, त्यांच्यावरच त्यात शिक्कामोर्तब होते.

मग प्रतिमा मोडतात कशाने? या प्रश्नाचे सर्वांत उपयुक्त उत्तर आरोग्यशास्त्राबाहेरून आले. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांच्या स्वरूपावर ग्रंथ लिहिला. त्याच्यापुढे प्रश्न वंशभेदाचा होता. दोन समूहांना नुसते जवळ आणल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत, प्रसंगी वाढतात, असे त्याने दाखविले. ते कमी होण्यासाठी त्या प्रसंगापुरता तरी दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट समाईक असावे, ते एकमेकांच्या साहाय्याविना गाठता येऊ नये, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा किंवा संस्थेचा त्यास उघड पाठिंबा असावा. आंतरव्यावसायिक शिक्षणाचा जो जो प्रयोग टिकला, त्यात या चार अटी कमीअधिक प्रमाणात पाळलेल्या दिसतात. जो कोसळला, त्यात बहुधा पहिली किंवा शेवटची अट मोडलेली असते. एका अपराह्णी चर्चासत्र भरवायचे, त्यात वैद्यकाच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी आणि परिचर्येच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी यांना एकत्र बसवायचे, आणि विभागप्रमुखांनी मात्र तेथे फिरकायचे नाही, अशा योजनेचे फळ आधीच सांगता येते.

लिंकॉपिंगचा प्रयोग

स्वीडनमधील लिंकॉपिंग विद्यापीठाने १९८६ साली आरोग्यशास्त्रांची नवी विद्याशाखा उघडली. नवी असल्याने तिच्यावर जुन्या विभागांच्या सरहद्दींचे ओझे नव्हते, ही गोष्ट पुढील यशाचा विचार करताना विसरता कामा नये. वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि प्रयोगशाळा-विश्लेषण इत्यादी शाखांच्या नव्या विद्यार्थ्यांना प्रारंभीचे काही आठवडे एकत्र शिकविण्याची रीत तेथे पहिल्यापासून पडली. हे शिक्षण व्याख्यानांनी होत नसे. सात-आठ जणांचे मिश्र गट करून प्रत्येक गटापुढे एखादी प्रत्यक्ष समस्या ठेवली जाई आणि उत्तर शोधण्याची जबाबदारी गटाची असे. ज्या वयात आणि ज्या आठवड्यात विद्यार्थी ‘मी आता डॉक्टर होणार’ असे स्वतःस सांगू लागतो, त्याच आठवड्यात त्याच्या शेजारी ‘मी परिचारक होणार’ म्हणणारा बुद्धिमान सोबती बसलेला असतो. पुढे प्रत्येक शाखेचा मार्ग स्वतंत्र होतो, मध्ये एकदा गाठ पडते, आणि शिक्षण संपत आले असता पुन्हा सर्वजण एकत्र येतात.

हा शेवटचा टप्पाच सर्वांत प्रसिद्ध आहे. १९९६ साली लिंकॉपिंगच्या विद्यापीठ-रुग्णालयात अस्थिरोगाचा एक कक्ष विद्यार्थ्यांच्या हाती सोपविण्यात आला. ‘हाती सोपविला’ हे शब्द जपून घ्यावयाचे आहेत. प्रत्येक व्यवसायाचा अनुभवी पर्यवेक्षक तेथे हजर असतो, औषधपत्रावर अंतिम सही त्याची असते, आणि धोका दिसताच तो पुढे होतो. पण तोपर्यंत तो हात मागे बांधून उभा राहतो. कक्षाचा दिवस कसा लावायचा, रुग्णाला काय सांगायचे, कोणी कोणास विचारायचे, हे दोन आठवडे विद्यार्थीच ठरवितात. सकाळच्या फेरीचे अध्यक्षपद वैद्यकाच्या विद्यार्थ्याकडे जन्मसिद्ध हक्काने जात नाही. रुग्णाला अंघोळ घालणे, खाट नीट करणे, भांडे देणे या कामांत वैद्यकाच्या विद्यार्थ्यासही भाग घ्यावा लागतो. प्रारंभी या शेवटच्या बाबीवर कुरबूर होते, हे स्वाभाविक आहे. मात्र ती कामे करताना रुग्णाविषयी जे कळते, ते फेरीच्या वेळी कळत नाही.

अस्थिरोगाचाच कक्ष का निवडला, याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. मांडीचे हाड खुब्याशी मोडलेल्या एका वृद्धेचे उदाहरण कल्पावे. शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे. वैद्यकाचा विद्यार्थी जखम आणि रक्तातील लोहद्रव्य पाहतो, दोन्ही ठीक. भौतिकोपचाराची विद्यार्थिनी तिला उभी करू पाहते, आणि वृद्धा दोन पावलांत घेरी येते म्हणून खाली बसते. ‘सहकार्य करीत नाही’ अशी नोंद होते. परिचर्येच्या विद्यार्थिनीला रात्रीत दिसले आहे की आजीबाई दर दोन तासांनी लघवीला उठू पाहतात, त्यांना झोप नाही, आणि पाणी पिणे त्यांनी त्याच भीतीने सोडले आहे. व्यवसायोपचाराचा विद्यार्थी घरची चौकशी करतो तेव्हा कळते की, त्या एकट्या राहतात आणि रक्तदाबाच्या गोळ्या गेली दहा वर्षे घेत आहेत. या चार नोंदी चार कागदांवर राहिल्या तर आजीबाई आणखी आठ दिवस खाटेवर पडून राहतील, पाठीला जखम होईल, कदाचित छातीत कफ साठेल. त्या एका टेबलावर आल्या तर कोणाच्याही ध्यानात येईल की, पाणी कमी, रक्तदाबाची गोळी तीच, म्हणून उभे राहताच दाब उतरतो. गोळी तात्पुरती थांबवावी, द्रव वाढवावा, वेदनाशामक व्यायामाच्या अर्धा तास आधी द्यावे. यातील एकही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने अवघड नाही. खुब्याचे मोडलेले हाड हा विकार असा आहे की, त्यात कोणत्याही एका व्यवसायाला आपण एकट्याने रुग्ण बरा केला असे म्हणता येत नाही. ऑलपोर्टची तिसरी अट तेथे रोगच पुरवितो.

लिंकॉपिंगनंतर स्टॉकहोम, लंडन, कोपनहेगन आदी ठिकाणी असे प्रशिक्षण-कक्ष निघाले. त्यांतील काही पुढे बंदही पडले. बंद पडण्याचे कारण शैक्षणिक अपयश असे क्वचितच होते. पर्यवेक्षकांचा वेळ महाग असतो, आणि अंदाजपत्रक आखताना ज्या कक्षात हात मागे बांधून उभे राहण्याचे वेतन द्यावे लागते, त्यावर प्रथम काट मारली जाते.

पुरावा काय सांगतो

या विषयावरील उत्साही लेखनात पुराव्याची बाजू फुगवून सांगितली जाते. म्हणून ती येथे जरा सावधपणे पाहणे इष्ट होय. विद्यार्थी अशा शिक्षणावर प्रसन्न असतात आणि परस्परांविषयीचे त्यांचे मत सुधारते, हे असंख्य अभ्यासांत दिसले आहे. परंतु विद्यार्थी प्रसन्न झाल्याने रुग्ण बरा होत नाही. कोक्रेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतशीर समालोचनांत २०१३ साली कठोर निकष लावून केवळ पंधरा अभ्यास ग्राह्य ठरले. त्यांपैकी सातांत सेवेवर किंवा रुग्णांवर अनुकूल परिणाम आढळला, चारांत संमिश्र, आणि उरलेल्या चारांत काहीच नाही. शिवाय हे अभ्यास आधीच व्यवसायात असलेल्यांच्या प्रशिक्षणाचे होते. पदवीपूर्व विद्यार्थ्यास आज एकत्र शिकविले तर दहा वर्षांनी त्याच्या रुग्णांचे कल्याण होते की नाही, हे मोजणे फार कठीण आहे. मध्ये इतक्या गोष्टी घडतात की श्रेय कशाला द्यावे ते ठरत नाही.

शस्त्रक्रियागृहातील सुरक्षासूचीचा इतिहास या संदर्भात बोधक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली एकोणीस बाबींची एक सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला खोलीबाहेर नेण्यापूर्वी ती मोठ्याने वाचावयाची असते. तिची चाचणी आठ शहरांत झाली. त्यांत नवी दिल्ली होती, तसेच टोरोंटो, मनिला, अम्मान, लंडन आणि टांझानियातील इफाकारा हेही होते. २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. सूचीतील एक कलम असे की, खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे. अनेक शल्यविशारदांना हे कलम हास्यास्पद वाटले. पण ज्याने एकदा स्वतःचे नाव उच्चारले आहे, त्याला पुढे अडचणीच्या वेळी तोंड उघडणे सोपे जाते, असा त्यामागील विचार होता.

पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ही सूची जवळजवळ सक्तीची झाली, आणि १०१ रुग्णालयांतील आकड्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेथे मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. या विरोधाचे अनेक अर्थ लावले गेले. त्यांपैकी पटण्याजोगा असा की, आठ शहरांत सूचीबरोबर माणसांची तयारीही करून घेतली गेली होती. ऑन्टॅरिओत पुष्कळ ठिकाणी कागद पोचला आणि खुणा भरल्या गेल्या. ज्या खोलीत परिचारिकेला बोलण्याची सवय नाही, तेथे सूची वाचली जाते, ऐकली जात नाही. हा अर्थ सिद्ध झालेला नाही, हे मान्य करूनही शिक्षणाची बाजू त्यातून बळकट होते.

एक आक्षेप मात्र नेहमी घेतला जातो आणि तो टाळण्याजोगा नाही. सर्वच बोलू लागले तर जबाबदार कोण? न्यायालयात उत्तर देण्यासाठी डॉक्टरलाच उभे राहावे लागते. मग निर्णयात सर्वांचा वाटा कशासाठी? यावर विमानाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. शंका मांडण्याचे शिक्षण दिल्याने मुख्य वैमानिकाचे पद कोठेही रद्द झाले नाही. अंतिम निर्णय त्याचाच आहे. बदल झाला तो निर्णयापूर्वी त्याच्या कानी काय पडते, यात. रुग्णालयांत प्रसार पावलेली एक पद्धत याच धाटणीची आहे: स्थिती काय, पार्श्वभूमी काय, आपला अंदाज काय आणि आपली शिफारस काय, या चार पायऱ्यांनी निरोप द्यावा. ती अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. तिची चौथी पायरी स्टाइन यांच्या खेळाचा भंग करते, कारण शिफारस तेथे उघड शब्दांत करावीच लागते. महाराष्ट्रात ही पद्धत शिकविताना अडचण नेमकी याच पायरीवर येते. तीन पायऱ्या स्पष्टपणे सांगून चौथीला ‘तुम्ही बघा, सर’ असे म्हणून परिचारिका थांबते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

येथील रुग्णालयांतील संबोधनांकडे क्षणभर लक्ष दिल्यास प्रश्नाचे देशी स्वरूप स्पष्ट होते. डॉक्टर ‘सर’ किंवा ‘मॅडम’, परिचारिका ‘सिस्टर’, पुरुष परिचारक ‘ब्रदर’, कक्षसेवक ‘मामा’ आणि आया ‘मावशी’. यांपैकी शेवटची चार नाती आहेत आणि पहिली दोन पदे आहेत. या संबोधनांत आपुलकी नाही असे नाही. मध्यरात्री ‘मावशी’ अशी हाक मारणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला तीच मावशी चहा आणून देते. परंतु वर्षानुवर्षे एकाच कक्षात काम करूनही मामांचे नाव ठाऊक नसणे, हेही त्याच संबोधनाचे दुसरे अंग आहे. त्यात लिंगभेद, जातिभेद आणि भाषाभेद मिसळले की, स्वीडनमध्ये न आढळणारी उतरंड उभी राहते. परिचर्येत केरळातून आलेल्या स्त्रियांचे मोठे योगदान आहे. त्यांच्या अडखळत्या मराठीची चेष्टा होते, त्यामुळे त्या कमी बोलतात, आणि कमी बोलणाऱ्याला कमी समजते असे मानण्याची घाई सर्वत्र आहे.

परंतु या महाराष्ट्राने एक प्रतिवादी उदाहरणही घडविले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्यप्रकल्प सुरू केला. तेथे आरोग्यसेवेचा कणा ठरल्या त्या गावातील स्त्रिया, बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित. त्या नियमाने जामखेडला येत, एकत्र राहत, शिकत आणि शिकवीत. कोणत्या गावात कोणते बाळ वाळते आहे, कोणत्या घरात सुईणीचे ऐकले जात नाही, ही माहिती त्यांच्याकडे असे आणि डॉक्टर ती त्यांच्याकडून घेत. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आंतरव्यावसायिक शिक्षण हा शब्द तेथे कोणी वापरीत नव्हते; पण ‘बरोबर, कडून, विषयी’ या तिन्ही अटी तेथे पाळल्या जात होत्या, आणि समान दर्जाची अट तर स्वीडनपेक्षा कितीतरी अवघड परिस्थितीत पाळली जात होती. जगभरचे आरोग्यकार्यकर्ते हे पाहावयास जामखेडला येत राहिले. येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात मात्र त्याचा शिरकाव फारसा झाला नाही.

अभ्यासक्रमाच्या कागदावर आता अनुकूल शब्द आले आहेत. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत; त्यांतील एक म्हणजे आरोग्यसेवा-संघाचा नेता आणि सदस्य. ‘सदस्य’ हा शब्द नंतर आला आहे, तरी आला आहे. २०२१ च्या कायद्याने भौतिकोपचार, व्यवसायोपचार, प्रयोगशाळा-तंत्र इत्यादी व्यवसायांना प्रथमच राष्ट्रीय आयोग मिळाला. २०२३ मध्ये परिचर्या व प्रसूतिसेवा यांच्यासाठीही नवा कायदा झाला. परंतु प्रत्येक व्यवसायाचे नियमन स्वतंत्र राहिल्याने प्रत्येकाचे तास, उपस्थिती आणि परीक्षा स्वतंत्रच आहेत. एका व्यवसायाच्या परिषदेने मान्य केलेला तास दुसऱ्या परिषदेच्या नोंदवहीत बसत नाही. आंतरव्यावसायिक शिक्षणाचा पराभव तत्त्वापेक्षा वेळापत्रकावर अधिक वेळा झाला आहे, हा परदेशातीलही अनुभव आहे.

महाराष्ट्राला एक सोय अशी आहे, जी अनेक राज्यांना नाही. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले, आणि वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपथी, परिचर्या, भौतिकोपचार, व्यवसायोपचार या सर्व शाखांच्या परीक्षा एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली आल्या. मुंबईतील परळच्या महापालिका रुग्णालयाच्या आवारात तर वैद्यकीय महाविद्यालय, परिचर्येचे शिक्षण आणि १९५० साली कमला निंबकर यांच्या पुढाकाराने निघालेली व्यवसायोपचाराची शाळा इतक्या जवळ आहेत की, एका वर्गातील विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्गात जाण्यास काही मिनिटे पुरतात. अस्थिरोगाचे भरलेले कक्षही सर्व मोठ्या शासकीय रुग्णालयांत आहेत. वैद्यकाचे आंतरवासी, परिचर्येच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनी आणि भौतिकोपचाराचे आंतरवासी आजही एकाच वेळी त्या कक्षांत असतात. मात्र ते वेगवेगळ्या वेळी फेरी करतात आणि वेगवेगळ्या वह्यांत लिहितात. दहा खाटा निराळ्या काढून, त्यांच्यावर दोन आठवड्यांची समाईक नेमणूक द्यावयाची, तर नवी इमारत लागत नाही. लागतात ते प्रत्येक व्यवसायाचे दोन-दोन पर्यवेक्षक, तिन्ही वह्यांऐवजी एक नोंदपत्र, आणि त्या पंधरवड्याचे तास प्रत्येक शाखेच्या उपस्थितीत धरले जातील, असे विद्यापीठाचे परिपत्रक. पर्यवेक्षकांची तयारी यांत सर्वांत वेळखाऊ ठरेल. कारण जे स्वतः वेगळ्या शाळांत शिकले, त्यांनाच आधी काही दिवस एकमेकांसमोर बसावे लागेल.